कलेसाठी घर सोडलेला बाप, मूल गमावलेली आई : तुमचे अनुभव

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ १८९१ साली दूर ताहिती बेटावर गेला, तेव्हा त्याची बायको मेट मुलांना घेऊन कोपनहेगनला होती. फ्रेंचच्या शिकवण्या आणि भाषांतरं करून घर चालवत होती. तरी १८९३ मध्ये तिथल्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागावीत म्हणून तिने खटपट केली. १८९७ मध्ये त्यांची मुलगी आलीन न्यूमोनियाने गेली. ही बातमीही त्याला मेटनेच कळवली. गोगँवर ढीगभर लिहिलं गेलंय. मला अशा मेटबद्दल ऐकायचंय. जवळून पाहिलं असेल तर लिहा, नावं नकोत.

* * *

माझे वडील गायक. मी शाळेत असताना ते एका शिष्येबरोबर राहायला गेले. आईने त्यांची पेटी विकली नाही, पण आम्हालाही तिला हात लावू दिला नाही. पुढे दादा अपघातात गेला. वडील दारात आले तसा मामा अंगावर धावला. आई म्हणाली, "येऊ दे त्यांना. पोरगा त्यांचाही होता." त्यांना दादाच्या उशाशी बसवलं. थोड्या वेळाने ते गुणगुणू लागले, तेव्हा मात्र तिने थांबवलं. "गाऊ नका. नुसते बसा."

नातेवाईक म्हणतात, तिने माफ केलं. मला तसं वाटत नाही. रडायला जागा दिली, घरात परत घेतलं नाही. त्यांचे पैसे घ्यावेत की नाही, यावरून आमचं अजून वाजतं.

* * *

आईचे गोडवे गायले जाणार हे ठाऊकच होतं. माझी आईही अशीच. धाकटी गेली तेव्हा आमचे नटवर्य दौऱ्यावर. आईने एका शब्दाने विचारलं नाही. आता प्रत्येक मुलाखतीत "आमच्या हिचं मन मोठं" म्हणून टाळ्या घेतात.

* * *

मी त्या आईच्या जागची. नवरा चित्रकार. मुलीच्या शेवटच्या आजारात तो रोज तिच्याजवळ बसून रेखाटनं करायचा. ती गेल्यावर तो घर सोडून गेला, आणि ती रेखाटनं मला न विचारता प्रदर्शनात लागली. काही विकली गेली. घर सोडल्यापेक्षा हे जास्त लागलं. (चित्रकार मोनेनेही १८७९ मध्ये मरणशय्येवरच्या बायकोचं, कामीचं, चित्र काढलं होतं. माहीत असून राग कमी झाला नाही.)

आता त्याचा हात थरथरतो. मी जाते, औषधं लावून देते. पोरगी किती हट्टी होती, खोटं बोलताना कशी हसायची, हे आठवणारं दुसरं कोण उरलंय? उरलेली वही मात्र मागून घेतली. मुकाट्याने दिली त्याने.

* * *

धागाकर्ती : विचारू का? विकलेल्या चित्रांचं काय झालं?

* * *

दोघांचा पत्ता लागला. एकांनी लगेच फोटो काढून पाठवला. दुसरे म्हणाले, किती द्याल? अजून उत्तर दिलेलं नाही.