तीन तऱ्हेचे पीसी, इन्स्टॉलेशन एकच: कसं जमवायचं?

दादरची_लॅब:
नमस्कार मंडळी. दादरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या बऱ्याच मशीनना विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, म्हणून जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आत लिनक्स टाकायचंय. मशीन तीन तऱ्हेची: जुनी बायोसवाली (मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत), ४ जीबी रॅमची, नवी यूईएफआय (तेच काम नव्या पद्धतीने) आणि एनव्हीएमईवाली (वेगवान एसएसडी), आणि कॅड लॅबमधली एनव्हिडिया कार्डची वर्कस्टेशन. एकीची क्लोनझिलाने काढलेली इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) दुसरीवर टाकली की बूटच होत नाही. तीन इमेज ठेवू का?

मुलुंडकर:
ताई, इमेजच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक अपडेट तीनदा करावा लागेल, आणि लॅमिंग्टन रोडवरून वेगळा मदरबोर्ड आणला की चौथी इमेज आली. त्यापेक्षा मशीनवर काय हवं ते एका फाइलीत लिहून ठेवा. लिनक्सच्या प्रकारानुसार तिचं नाव बदलतं: डेबियनमध्ये प्रीसीड, उबुंटूत ऑटोइन्स्टॉल, रेड हॅटमध्ये किकस्टार्ट. समोर बायोस आहे का यूईएफआय, हे इन्स्टॉलर स्वतः बघतो.

मी डेबियन सुचवेन, ते त्या ४ जीबीवाल्यांसाठी. उबुंटूचा इन्स्टॉलर नेटवर्कवरून चालवला की अख्खी आयएसओ (इन्स्टॉलेशनची पूर्ण फाइल) रॅममध्ये उतरवतो, तिथेच ही मशीन अडकतात. डेबियनच्या नेटबूटला कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि छोटा इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पुरतो.

खरं जपायचं ते डिस्कला. फाइलीत ‘एसडीए’ असं (लिनक्सने डिस्कला दिलेलं) नाव पक्कं लिहू नका. एनव्हीएमईला ते नावच नसतं, आणि दोन डिस्कच्या वर्कस्टेशनवर एसडीए म्हणजे मुलांच्या प्रोजेक्टची डिस्क निघू शकते. पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडायच्या) आधी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहा: एकच डिस्क दिसली तर ती घे, दोन दिसल्या तर थांब आणि विचार. ड्रायव्हर, प्रिंटर, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड हे सगळं नंतर अॅन्सिबलने (अनेक मशीनवर एकदम सेटिंग करणारं साधन) करा.

दादरची_लॅब:
पटलं. पण डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ता देणारी सेवा) कॉलेजच्या राउटरवर आहे, तिथे कुणाला हात लावू देत नाहीत. मग पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) कसं चालणार?

परळचा_सर्व्हर:
डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रॉक्सी मोडमध्ये चालवा, लॅबच्याच नेटवर्कमध्ये. आयपी राउटरच देईल, हा फक्त बूट फाइल सांगेल. मशीन आपली जात डीएचसीपीच्या विनंतीतल्या ऑप्शन ९३ मध्ये कळवतं: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. त्याप्रमाणे फाइल द्या. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही असलेले शिम आणि ग्रब (बूट करणारे प्रोग्रॅम) लागतील. सोबत पॅकेजांचा कॅशे (लॅबमधलाच साठा) ठेवा, म्हणजे तीच पॅकेजं दर मशीनसाठी इंटरनेटवरून ओढावी लागणार नाहीत.

एक कळकळीने सांगतो: पीएक्सई मेनूत डिफॉल्ट लोकल डिस्कच ठेवा. नाहीतर ज्या मशीनमध्ये नेटवर्क बूट पहिलं आहे, ती परीक्षेच्या सकाळी वीज जाऊन आली की स्वतःला पुसून पुन्हा इन्स्टॉल व्हायला लागतील.

मुलुंडकर:
बरोबर. आणि ताई, कॅड लॅबमध्ये सिक्युअर बूट चालू ठेवणार असाल तर एनव्हिडिया ड्रायव्हरच्या सहीची किल्ली त्या मशीनसमोर बसूनच स्वीकारावी लागते, ते नेटवर्कवरून होत नाही. त्या वर्कस्टेशनसाठी वेगळा दिवस काढा.