बेडकुळी, पेशी आणि ‘आकुंचन’

सांगलीकर : लेक अकरावीला आहे. ‘स्नायुतंतू म्हणजे एकच पेशी’ असं ती पाठ करत होती, तर आमचे आबा अडले. उमेदीची वर्षं तालमीत गेलेली, त्यांच्या लेखी पेशी म्हणजे मांसाचा अख्खा गोळा. खरं कुणाचं?

कृष्णाकाठ : दोघांचंही. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. तिथं पेशी म्हणजे मांस, स्नायू म्हणजे सांधे बांधणारी वादी. मराठीनं पुढं स्नायू मांसाला दिला आणि पेशी ‘सेल’ला. हिंदीत ‘स्नायु’ मज्जातंतूकडं गेला, तेव्हा हिंदी गाइड शेजारी ठेवू नका!

तंतू ही एकच पेशी खरी, पण कित्येक पेशी एकजीव होऊन झालेली. म्हणून तिला केंद्रकं ढिगानं. आत उसाच्या मोळीसारखे तंतुक, आणि उसाला कांड्या तशा तंतुकाला सार्कोमियर. एक कांडी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर. दोन्ही पेरांना ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे रोवलेले, मधे मायोसिन या प्रथिनाचे जाड.

सांगलीकर : आणि आबांची ‘बेडकुळी’?

कृष्णाकाठ : ती बेडकावरनं. इंग्रजी ‘मसल’च्या मुळाशी लॅटिनमधला छोटा उंदीर आहे. दंडात त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. पाणथळ मुलूख आपला!

माणदेशी : माझं भांडण स्नायूच्या कामाला पुस्तक ‘आकुंचन’ म्हणतं, त्या शब्दाशी आहे. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की धागे आकसत नाहीत, एकमेकांत सरकतात. (दोन्हीकडं हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ, पण नात्यातले नव्हेत.) मज्जातंतूचा इशारा आला की कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात, मायोसिनची डोकी तिथं धरतात आणि ओढतात. आखूड होते ती कांडी, धागा तेवढाच राहतो. शिवाय दोन मल्ल एकमेकांना धरून नुसते रेटत उभे असतात, तेव्हा हात हलत नाही, स्नायूची लांबीही फारशी बदलत नाही. आणि पुस्तक त्यालाही आकुंचनच म्हणतं.

सांगलीकर : आबा ‘दंड आवळ’ म्हणतात.

माणदेशी : हाच शब्द हवा. आवळायला आखूड व्हावं लागत नाही.

कृष्णाकाठ : पण डोक्यांनी धरलेलं सोडवायलाही एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. मेल्यावर ते संपतं, डोकी अडकून राहतात, म्हणून मढं ताठतं. तिथं ‘आवळलं’ म्हणाल का?

माणदेशी : नाही. तिथं ‘ताठलं’च. लेकीला मात्र पेपरात आकुंचनच लिहू दे, मार्क जातील.