मदत हवी आहे: फिश टँकच्या टॉपसाठी (झाकणासाठी) कोणतं लाकूड घेऊ? (सांगली, घाई आहे)

कृष्णाकाठ
उद्या सकाळी सुतार येतोय आणि माझं लाकूड अजून ठरलेलं नाही. टाकीच्या टॉपला साग घेऊ, चीड घेऊ की प्लाय? आधीचा एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) होता, तो गेला. सांगलीत मिळेल असंच सांगा. प्लीज लवकर.

मिरज_जंक्शन
टाकी केवढी? लाइट कोणती? टॉपखाली काच आहे का? आणि "गेला" म्हणजे नक्की काय झालं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

गावभाग
साग. दुसरं काही बघूच नका. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाच दिवस पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, आठवत असेलच. पाणी उतरल्यावर आत गेलो तर मुलांचं एमडीएफचं कपाट भिजलेल्या पावासारखं झालेलं, हात लावला की लगदा हातात. आजोबांचं सागाचं कपाट मात्र धुऊन सावलीत वाळवलं, एक दार घासत होतं त्याला रंधा मारला, आजही वापरात आहे.

अजिंक्यतारा
साग चांगलाच आहे, पण आज वखारीत साग म्हणून जे देतात त्यात निम्मा पांढरा, कोवळा भाग असतो. गाभ्यात तेल असतं, त्या पांढऱ्यात नसतं. शिवाय १५ इंच रुंद एकसंध फळी मिळत नाही, जोडावी लागते आणि जोड वाफेवर हलतो. त्यापेक्षा १२ मिमीचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा) घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून. त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून करतात. माझ्या साताऱ्याच्या घरी सहा वर्षं झाली, टॉप जसाच्या तसा आहे.

रंगीत_मासा
पाणी हिरवं होत असेल तर टाकी खिडकीपासून लांब घ्या. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, बदलायचं पाणी आदल्या रात्री भरून ठेवा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

कृष्णाकाठ
@रंगीत_मासा, पाणी स्वच्छ आहे हो, अडचण झाकणाची आहे.
@मिरज_जंक्शन, टाकी ३६ × १५ × १८ इंच. खाली काच नाही. आत दोन फुटी दोन ट्यूब, चोकसकट. एमडीएफ दोन महिन्यांत कडेने फुगला, सनमायका सुटला आणि भुसा पाण्यात पडायला लागला. म्हणून काढून ठेवला, तर चौथ्या दिवशी सकाळी काळी मॉली (मासा) टीव्हीच्या टेबलामागे सापडली. अंगाला धूळ चिकटलेली, शेपटी कागदासारखी कडक. मुलगी शाळेत गेली नाही त्या दिवशी. घाई आहे ती त्यामुळे.

मिरज_जंक्शन
अरेरे. मग आज रात्रीपुरती मच्छरदाणीची जाळी ताणून चिकटपट्टीने लावा, लाकडाचं उद्या बघू.

तंबोरा
तुनाचं लाकूड का कोणी सुचवत नाही? आमच्या मिरजेत सतारीच्या दांड्या तुनाच्याच करतात. हलकं, सरळ रेषेचं, सहसा वाकत नाही. २०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही.

अजिंक्यतारा
सतार कोणी पाण्यावर ठेवत नाही. तिला कोरडी हवा, याला चोवीस तास वाफ.

तंबोरा
मी लाकूड किती हलतं ते सांगतोय. पॉलिश तर कुठल्याही लाकडाला करावंच लागणार.

गावभाग
सतारीचे भोपळे अजून मंगळवेढ्याकडूनच येतात का?

तंबोरा
हो, तिकडूनच. जाड सालीचे निवडून आणतात.

मिरज_जंक्शन
धागा भरकटतोय. @कृष्णाकाठ, तुमचा एमडीएफ वाफेने आणि चोकच्या उष्णतेने गेला. तेच पुन्हा ठेवलं तर सागही काळा पडेल. आधी टॉपखाली ४ मिमी काच टाका, खाणं घालायला एक कोपरा कापून. चोक बाहेर काढा. मागच्या बाजूला वाफ जायला दोन इंचांची फट ठेवा, तिला जाळी मारा म्हणजे मासा उडी मारणार नाही. वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जाणार नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना?

कृष्णाकाठ
आरसीसीबी आहे. काच घालतो. पण लाकूड??

अजिंक्यतारा
प्लाय. १८ मिमी नको. या मापाचा टॉप, बाजू सात इंच धरल्या तर १८ चा दहा किलोच्या आसपास जाईल, १२ चा सहा-साडेसहा. रोज उचलायचाय तुम्हाला. कापलेल्या कडांना सागाची पट्टी लावा, पाणी तिथूनच शिरतं.

गावभाग
पट्टी सागाचीच ना शेवटी!

अजिंक्यतारा
पट्टीला साग मी कधीच नाकारला नाही. आणि लाखेचं पॉलिश करू देऊ नका, ओलीने पांढरं पडतं. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात, आतूनसुद्धा. आतली बाजू सुतार सोडून देतात. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत टाकीवर ठेवू नका, आठवडा तरी.

कृष्णाकाठ
आठवडा? तोवर काय?

मिरज_जंक्शन
काच उद्याच कापून आणा. उघडा कोपरा आणि मागची फट जाळीने झाका, मासे सुरक्षित राहतील. टॉप सावकाश होऊ द्या.

कृष्णाकाठ
बरं. १२ मिमी मरीन सांगतोय. पट्टीसाठी माळ्यावर जुन्या चौकटीचा साग निघाला, आतून अजून तपकिरी आहे आणि रंधा न मारताही वास येतोय.

गावभाग
वा! फक्त आधी सगळे खिळे काढा, मोडलेले आत राहतात. पट्टीवरून लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर सुताराच्या रंध्याचं पातं जाईल आणि तो काम सोडून निघून जाईल.

कृष्णाकाठ
चुंबक मुलीच्या कंपासपेटीत आहे. बघतो आत्ताच.