आईच्या पायाची सूज: मसाज काखेकडे की दुसऱ्या जांघेकडे?

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची. २०१९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ओटीपोटातल्या दोन्ही बाजूंच्या लसिका गाठी (शरीरातलं लसिकेचं पाणी ज्यांतून वाहतं त्या) काढल्या, नंतर रेडिएशन. दीड वर्षाने डावा पाय सुजायला लागला, आता सूज मांडीपर्यंत आहे. गावात सगळे हत्तीरोग म्हणत होते. रात्रीचं रक्त तपासलं, काही निघालं नाही.

फिजिओताईंनी हलक्या हाताचा मसाज शिकवलाय. आधी डाव्या काखेत, मग कमरेवरून काखेकडे, पाय सगळ्यात शेवटी. आई रोज म्हणते, "सुजलाय पाय आणि तू काखेत काय चोळतेस?" पाण्याचा खालचा रस्ता बंद, म्हणून ते वरून वळवायचं, एवढं मला पटलंय.

पण मागच्या महिन्यात लिम्फोसिंटिग्राफी केली, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून लसिकेचं पाणी कुठून वाहतं ते कॅमेऱ्याने बघतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात सुई देतात (दुखते, पेशंटला आधी सांगून ठेवा). सुई फक्त डाव्या पायात दिली होती. रिपोर्टात आहे: डाव्या जांघेतल्या गाठी दिसत नाहीत, गुडघ्याच्या लवणीतली एक दिसते, पोटरीत डर्मल बॅकफ्लो (पाणी उलटं कातडीत पसरणं) आणि औषध चक्क उजव्या जांघेत पोचलंय. काखेचा उल्लेखच नाही.

मग चार महिने आम्ही भलतीकडेच चोळतोय का? आणि उजवीकडे वळवलं तर चांगला पाय सुजेल का? डॉक्टर "चालू ठेवा" म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

प्रतिसाद: मी फिजिओ आहे. चार महिने वाया गेले नाहीत. आम्हाला दोन्ही वाटा शिकवतात, त्याच बाजूची काख आणि समोरची जांघ. शरीर कुठली धरेल ते माणसागणिक वेगळं. आईंच्या शरीराने पलीकडची धरलेली दिसते. नुसता रिपोर्ट नको, फिल्म घेऊन फिजिओताईंकडे जा. कॅमेरा काखेपर्यंत फिरवला होता का, तेही बघा. उजव्या पायाची शंका रास्त आहे, कारण त्या जांघेतलं पाणीही पुढे ओटीपोटातच जातं. दर आठवड्याला दोन्ही पाय टेपने मोजून लिहून ठेवा. नुसत्या मसाजवर भागत नाही, दाब देणाऱ्या पट्ट्या आणि मोजे सोडू नका. पाय लाल, गरम झाला किंवा ताप आला तर मसाज बंद, त्याच दिवशी डॉक्टर.

धागाकर्ती: धन्यवाद ताई. फिल्म कमरेपर्यंतचीच आहे! सोमवारी घेऊन जाते. आज पोटऱ्या मोजल्या, डावी ४१ सेंमी, उजवी ३४.