मदत हवी आहे: जुन्या धर्मशाळेच्या सागवानी खांबांचं बूड कुजलंय

आमचं वाईचं घर मूळची धर्मशाळा. मधे चौक, भोवती ओसरी, भिंतीत घोडी बांधायच्या कड्या अजून शाबूत. पूर्वी कोणीतरी ओसरीत सिमेंटचा कोबा करून खांबांखालचे दगडी तळखडे त्यात गाडले. ओल कोंडली. आता दोन खांबांच्या बुडात सुरी सहज शिरते. भिंतीला लोणा (ओलीने फुटणारे क्षार) आहेच. वाळवी नाही, तपासून घेतलंय. खांबांभोवतीचा कोबा फोडला, पन्हळ दुरुस्त केली, ओल बरीच हटली. कंत्राटदार म्हणतात, आरसीसी खांब घाला (त्यांचं औषध कायम तेच!). माडीवर माणसं राहतात, कडीपाट (माडीखालचं लाकडी छत) उतरवायचा नाही. तुळईला टेकू देऊन फक्त कुजलेला भाग कापून जुनं सागवान सांधता येईल का? सांधा कोणत्या प्रकारचा, किती उंचीवर घ्यावा?