पांढरे पडलेले मश्रूम कोरल

प्रश्न: नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी वीज गेली आणि माझ्या समुद्री मत्स्यालयाच्या टाकीचे पाणी 31 अंशांवर पोहोचले, तेव्हापासून त्यातले मश्रूम कोरल (एक प्रवाळ, म्हणजे समुद्री प्राणी) पांढरे पडले आहे, कडा आत वळल्या असल्या तरी मांसल भाग शाबूत आहे. ते वाचेल का?

उत्तर: ते जिवंत आहे, फक्त त्याला रंग व अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले त्याने बाहेर टाकली आहेत. प्रकाश निम्म्यावर आणा, तापमान रोज एखाद्या अंशाने उतरवत 26 पर्यंत न्या आणि अधूनमधून बारीक केलेली ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव) भरवा.

दुसरे उत्तर: टाकी कूलरच्या खोलीत आहे का? तिथल्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावत असल्याने टाकी थंड करायला पाण्यावर लावलेला पंखा फारसा उपयोगी पडत नाही. ही चूक मी स्वतः दोन उन्हाळे केली. घटलेले पाणी मात्र आरओच्या गोड्या पाण्यानेच भरावे.

प्रश्नकर्ता: होय, कूलरच्याच खोलीत आहे. कूलर आजच हलवतो.