मदत हवी आहे: इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पीसीसाठी इंटेल की एएमडी?

मंडळी, नवा पीसी जोडायचा आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ३२ जीबी. दिवसभर चालू राहणार. बहुतेक वेळ ब्राउझर आणि एडिटर, अधूनमधून कोड कंपाइल. आमच्याकडे वीज सारखी जाते, त्यामुळे इन्व्हर्टरवर किती तास निघतील हे माझ्यासाठी वेगापेक्षा महत्त्वाचं आहे.

इंटेलचा कोअर आय५-१४५०० आणि एएमडीचा रायझन ७ ७७०० या दोन प्रोसेसरांत अडकलोय. खोक्यावर दोन्ही ६५ वॉटचेच. पण इंटेलची टर्बो मर्यादा (जोरात काम असताना तो घेऊ शकतो ती कमाल वीज) १५४ वॉट, तर एएमडीची सॉकेटला मिळणारी कमाल ८८. इथवर एएमडी सरस वाटतो. मात्र ७७०० मध्ये आय/ओचा भाग (मेमरी, यूएसबी वगैरेंशी जोडणारा) वेगळ्या चिपलेटवर, म्हणजे स्वतंत्र छोट्या चिपवर, असल्याने रिकामा बसलेला असतानाही तो जास्त वीज खातो, असं वाचलं. माझा पीसी तर बराच वेळ रिकामाच असेल! सगळं एकाच डायवर (सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर) असलेला एएमडीचाच रायझन ७ ८७००जी म्हणूनच डोक्यात आहे.

बहुतेक रिव्ह्यू पाहिले. त्यांत मोठं ग्राफिक्स कार्ड लावून मोजलेलं असतं, उपयोग होत नाही.

ग्राफिक्स कार्डाशिवाय यांपैकी कोणी वापरत असेल, तर प्लगला वॉटमीटर लावून रिकामा असताना आणि कंपाइल करताना किती वॉट दिसतात? आणि बायोसमध्ये १४५०० ला ६५ वॉटवर बांधलं, तर कंपाइलचा वेळ कितीसा वाढतो?